उलटे आटे
(एकपात्री विनोदी प्रयोग)

(पडदा उघडतो. सोसायटीचं पार्किंग. मधोमध जुन्या वर्तमानपत्रांवर एक हायब्रीड सायकल उलटी उभी : सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं वर. शेजारी स्टूल. स्टुलावर श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात नटबोल्ट. पाने, पक्कड, खडूचा तुकडा, निवलेला चहा. साठीच्या बाई. ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, कोपरापर्यंत ग्रीस. त्या मागचं चाक हाताने फिरवतात आणि कान देतात.)

(चाक : खस्स... खस्स... खस्स...)

एका फेरीला एकदा घासतंय. म्हणजे रिंग एकाच जागी आऊट आहे. हे मी कुणाला सांगितलं ना, की तो आधी माझ्याकडे बघतो, मग आमच्या ह्यांच्याकडे बघतो. ह्यांनी मान हलवली की मग त्याला पटतं. ह्यांना सायकलीतलं काय कळतं? हे ऑडिटर! उभा जन्म दुसऱ्यांनी केलेल्या कामावर हिरव्या शाईने टिक मारण्यात गेला. ह्या सगळ्या प्रकरणात त्यांच्याकडे एकच खातं होतं. टॉर्च धरणे. आणि तोही माझ्या डोळ्यांवर.

(खुर्चीतल्या माणसाशी बोलल्यासारखं, विंगेकडे.) अहो, खाली! नटावर! मी कुठे पळून जातेय?

(प्रेक्षकांना) तर मी बँकेतून रिटायर झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला आणि तिशीच्या मॅनेजरने सल्ला दिला, "मॅडम, आता स्वतःसाठी जगा." मी म्हटलं बरं, सायकल घेते. हायब्रीड. म्हणजे रेसिंगच्या सायकलची मोठी, हलकी चाकं, डोंगरातल्या सायकलचं आडवं हँडल आणि आमच्या वयाच्या कमरेला झेपेल इतपत ताठ बैठक. गेलो दुकानात. मी किंमत विचारली. दुकानदाराने ह्यांना सांगितली. "काका, अठरा हजारांपासून पुढे."

हे तिथल्या तिथे स्टुलावर बसले. म्हणाले, "अठरा हजार? आणि चालवायची पण आपणच?"

मग सेकंडहँड. पुण्यात ह्याची फार छान सोय आहे. 2020 साली, लॉकडाऊन उठल्या उठल्या, सायकलीच्या दुकानांत माल पुरेना. ज्यांनी कधी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे चालत जायचे कष्ट घेतले नव्हते ते सिंहगडच्या गप्पा मारायला लागले. पुढे ऑफिसं उघडली. सायकली गॅलरीत गेल्या. आज त्यांच्यावर टॉवेल वाळतात. अशी एक टॉवेलवाली आम्ही वाकडला बघायला गेलो. पाच हजार. मुलगा आयटीतला, परदेशी निघालेला. एक शब्द माझ्याशी बोलेल तर शपथ!

"काका, सिंगल हँड आहे. सोसायटीतच फिरवली. एकदाही पडलेली नाही."

तो आणि हे हवापाण्यावर बोलत होते तोवर मी सायकलच्या मागे उकिडवी बसले. सायकल मागून बघायची, लक्षात ठेवा. पुढून सगळ्याच चांगल्या दिसतात. (खाली बसून दाखवत) हा गिअरचा लोंबता हात बघा. हा चाकाला समांतर, सरळ खाली हवा. ह्याचा आत वळलेला, स्पोकांकडे. हा ज्या पट्टीला लावलेला असतो ना, ती मुद्दाम मऊ धातूची करतात. सायकल उजव्या अंगावर पडली तर पट्टी वाकावी आणि फ्रेम वाचावी. मी खालूनच म्हटलं, "बाळा, उजवीकडे कधी पडली?"

(तरुणाचा आवाज) "काका... एकदाच. चांदणी चौकाच्या उतारावर."

ह्यांना म्हणाला! विचारलं मी!

टायरच्या कडांना भेगा. चेन गंजून घट्ट. मागच्या ब्रेकची चिमटी उघडेना. पाचचे चार झाले, चारचे तीन झाले. हे खूश. त्यांच्या दृष्टीने व्यवहार तिथे संपला. मला माहीत होतं की आत्ता कुठे सुरू झालाय. कारण मी सायकलवाल्याची मुलगी आहे.

(उठतात. आवाज बदलतो, थोडा मोकळा.)

शनिवार पेठेत आमच्या वडिलांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. पुणं तेव्हा सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं आणि त्यातल्या वीसेक सायकली आमच्या होत्या. तासावर भाडं. वहीत नाव, पत्ता, नेल्याची वेळ. शाळेतली पोरं यायची, नळीखालून पाय घालून वाकडीतिकडी चालवायची आणि तास संपायला पाच मिनिटं असताना जीव खाऊन परत यायची. त्या पाच मिनिटांत जितके अपघात झाले तितके पुण्यात एरवी वर्षभरात होत नसतील. वडील काही बोलायचे नाहीत. आधी सायकल तपासायचे, मग पोरगा.

सगळ्या सायकली काळ्या. दांड्याचे ब्रेक. पुढच्या चाकाला 32 स्पोक, मागच्याला 40. सगळ्यांना अठ्ठावीसचं टायर. एक माप, एक पाना, एक रंग. मग 1972 साली लूना आली. पुण्याच्याच लोकांनी काढली, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची? हळूहळू वहीतली नावं कमी झाली. वडिलांनी सायकली विकल्या आणि दुकान एका झेरॉक्सवाल्याला दिलं. पण तोवर माझ्या हाताला जे लागायचं ते लागून गेलं होतं. पंक्चर मी चौथीत काढायला शिकले. लग्नाच्या वेळी स्थळाच्या पत्रिकेत 'गृहकृत्यदक्ष' लिहिलं होतं, त्यात हे धरलेलं होतं, फक्त फोड करून सांगितलं नव्हतं.

तर पहिलं काम, टायर. मी पेठेतल्या जुन्या दुकानात गेले. म्हटलं, "अठ्ठावीसचा जोड द्या." त्याने दिला. घरी आणला, चढवला. चढवला म्हणजे, चढवायलाच लागला नाही! आपणहून आत गेला! टायर चढवताना कसं, शेवटची वीत अंगठ्याने ढकलताना माणसाला कुलदैवत आठवलं पाहिजे. हा रिंगेवर सैलसर फिरतोय. हवा भरली तर बाहेर येऊन मलाच नमस्कार करेल.

गेले परत. नीट ऐका हं आता, कारण मला हे समजायला सायकलवाल्याच्या घरात जन्म घेऊनसुद्धा वेळ लागला. जुन्या काळ्या सायकलचं टायर अठ्ठावीस गुणिले दीड. त्याच्या रिंगेचं माप 635 मिलिमीटर. हायब्रीडच्या टायरवर असतं 700 गुणिले 35. त्याच टायरवर बारीक अक्षरात पुन्हा लिहिलेलं असतं अठ्ठावीस! आणि त्याचं माप 622. म्हणजे अठ्ठावीस म्हणजे 635 आणि अठ्ठावीस म्हणजे 622. बरं, हल्ली डोंगरातल्या जाड चाकाच्या सायकली निघाल्यात, त्यांना म्हणतात एकोणतीस. एकोणतीसच्या रिंगेचं माप किती? (वाट बघतात.) 622! म्हणजे आमच्या वडिलांचं अठ्ठावीस हे हल्लीच्या एकोणतिसापेक्षा मोठं!

हे मी घरी ह्यांना सांगितलं. ऑडिटर माणूस. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "हे ज्याने केलं त्याच्यावर कारवाई झाली का?"

मग ह्यांना घेऊन पुन्हा दुकानात. दुकानदाराला म्हटलं, "भाऊ, इंच सोडा. टायरच्या कडेला 37-622 असं कोरलेलं असतं, ते द्या." त्याने चष्मा लावला, टायर फिरवला, आकडा वाचला. आणि मग वर बघून ह्यांना म्हणाला, "काका, तुम्हाला बरीच माहिती आहे हो."

(मोठा उसासा. थंड चहाचा घोट.)

हवा भरायला पेट्रोल पंपावर. पोरगा म्हणाला किती टाकू. म्हटलं साठ. तो हसला. "मावशी, मोटारीत तीस-बत्तीस टाकतो." मी म्हटलं, मोटारीचं टायर केवढं जाड, हे केवढं बारीक. बारकं टायर वजन पेलायचं तर जास्त दाबाने भरावं लागतं. तो पोरगा चार पावलं मागे जाऊन कानात बोटं घालून उभा राहिला आणि हवा हे भरत होते. लग्नानंतर ह्यांनी माझ्यावर दाखवलेला हा सगळ्यात मोठा विश्वास.

आता पेडल.

(सायकलजवळ येतात. हात चोळतात. हा भाग चवीने.)

डावं पेडल वाकडं होतं. बदलायला हवं. पंधराचा पाना लागतो, पातळ. आदल्या रात्री मी तेल सोडून ठेवलं होतं. सकाळी रविवार. मी पाना लावला तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका आले. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये उलटी सायकल ठेवून बघा. नवीकोरी मोटार आणून लावलीत तर कुणी ढुंकून बघणार नाही, मनात जळतील आणि लिफ्टने वर जातील. पण काहीतरी मोडकं, उलटं, उघडं ठेवा! खिशात हात घालून एकेक जण खाली येतो.

"काय झालं?"

"पेडल काढतेय."

"हायब्रीड का? एकवीस गिअर? बाप रे! माझ्या गाडीला पाच आहेत."

मग तिसऱ्या मजल्यावरचे आले. मग चेअरमन आले. चेअरमन मेकॅनिकल इंजिनिअर. हे ते ओळख करून देताना नावाच्या आधी सांगतात. म्हणाले, "वहिनी, सरा बाजूला. हे ताकदीचं काम आहे."

मी म्हटलं, "उलटे आटे आहेत."

"हो हो," म्हणाले, आणि पाना सुलट्या दिशेने लावला.

(अभिनय : पूर्ण जोर लावून पाना ओढणं, चेहरा लाल.)

"गंजलंय." मी म्हटलं, "अहो, डाव्या पेडलला उलटे आटे असतात. उजवं नेहमीसारखं, डावं उलटं. नाहीतर चालवता चालवता आपोआप सैल होऊन पडेल." विमानवाले राइट बंधू माहीत आहेत ना? त्यांचं अमेरिकेत डेटन गावाला सायकलीचं दुकान होतं. 1900 साली त्यांनी मोठ्या दिमाखात जाहीर केलं की आमच्या सायकलचं पेडल सुटून येत नाही. का? डावीकडे उलटे आटे! विमान नंतर, 1903 साली. आधी पेडलचा प्रश्न सोडवला, मग आकाशाकडे बघितलं. हे सगळं मी तिथे उभी राहून सांगतेय. कोण ऐकतंय?

तिसरा मजला म्हणाला, "पाइप घाला पान्याला." पाइप आणला. पाइपला दुसरा मजला लोंबकळला, सायकलला तिसरा मजला मिठी मारून बसला आणि चेअरमन सूचना देऊ लागले. "एक, दोन, तीन!" (कर्र्र.) "हललं! हललं!" हलणारच! आवळलं जातंय! तीन मजले मिळून ते पेडल जन्माचं घट्ट करत होते. हे टॉर्च धरून उभे. सकाळी अकरा वाजता.

मी काय केलं? वर जाऊन चहा टाकला. सगळ्यांना. पुरुषांच्या हातातलं हत्यार काढून घ्यायचं असेल तर त्यात कपबशी द्यावी लागते. चौघांच्या हातात कप गेले. मी पाना फिरवून लावला, पाइप घातला आणि पाइपवर पाय ठेवून एकदाच भार दिला. माझा भार कमी नाही.

(टक्क!)

पेडल हातात.

शांतता. चेअरमन घोट गिळून म्हणाले, "आम्ही सैल करून ठेवलं होतं म्हणून."

त्याच संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली. 'पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करू नये. ऑइलचे डाग आढळल्यास सभासदाकडून खर्च वसूल केला जाईल. कृपया नोंद घ्यावी. ता. क. सायकल हे वाहनच आहे.'

मी त्याखाली खडूने लिहिलं, 'मग तिला पार्किंगची जागा द्या.' दुसऱ्या दिवशी दोन्ही पुसलेलं होतं.

(हसत स्टुलावर बसतात.)

चेन. चेनचं सोपं असतं. पट्टी घ्यायची. एका पिनेच्या मध्यापासून चोवीस कड्या मोजायच्या. नवी चेन असेल तर बरोबर बारा इंच. बारा इंचावर एक सूत जास्त भरलं, की चेन गेली. ती ताणली जात नाही हो, पिना झिजतात. ही सुताच्याही पुढे गेलेली. 'सोसायटीतच फिरवली'! नवी चेन घातली. बसून पहिलंच पेडल मारलं, (खाड्!) चेन दातांवरून उडी मारून पुढे. का? जुन्या चेनने मागच्या फ्रीव्हीलचे दातेही स्वतःच्या मापाने झिजवून ठेवलेले. दोघं एकमेकांबरोबर झिजलेले, त्यामुळे त्यांचं आपसात उत्तम चाललं होतं. नवी मध्ये आली आणि भांडणं लागली. ह्यावर मी काही बोलणार नाही, आमचे हे इथेच बसलेत.

मग फ्रीव्हीलही काढा. ते आपल्याच पायांनी वर्षानुवर्षं आवळलं गेलेलं असतं. हातपान्याने निघत नाही. कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडे ह्यांना घेऊन गेले, फ्रीव्हीलचं टूल त्याच्या व्हाइसमध्ये पकडलं, वर चाक ठेवलं आणि दोन्ही हातांनी चाकच डावीकडे फिरवलं. निघालं. ग्रिलवाला एकटाच असा भेटला ज्याने ह्यांच्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "मावशी, आमच्याकडे कामाला येता का?"

घरी ह्यांची वही तयार. डावीकडे मूळ किंमत तीन हजार. उजवीकडे टायर जोड, ट्यूब, पेडल, चेन, फ्रीव्हील, ब्रेकच्या वायरी, ब्रेकचे रबर, ग्रीस. उजवी बाजू डावीच्या पुढे गेली तेव्हा ह्यांनी चष्मा काढला.

"ट्यूब महसुली खर्च धरतो. फ्रीव्हील भांडवली. चेनचं काय करू?"

"चेन घाला की चुलीत."

"आणि घसारा कुठल्या वर्षापासून लावू?"

"तुमच्यावर की सायकलवर?"

गिअरचं फार सांगत नाही, नाहीतर मध्यंतर होईल. दोन बारीक स्क्रू असतात, एकावर एच, एकावर एल. चेनने कुठवर जायचं त्याच्या त्या दोन हद्दी. ह्यांनी त्याचा व्हिडिओ लावला. व्हिडिओतला माणूस स्वच्छ सायकलवर, स्वच्छ हातांनी, अर्ध्या मिनिटात सगळं जुळवतो आणि दात दाखवतो. अहो, त्याची गिअरची पट्टी वाकडी नव्हती! आधी पट्टी सरळ करा, मग हद्दी ठरवा, मग वायरीची गोल घुंडी पाव-पाव फेरा. चेन तिसऱ्यावरून चौथ्यावर हाक मारल्यासारखी गेली पाहिजे. जाते आता. एकवीसच्या एकवीस. त्यातले निम्मे मी कधी वापरणार नाही, पण आहेत. बँकेतल्या लॉकरचं तरी दुसरं काय असतं?

(उठतात. खडू घेतात.)

राहिला हा आऊट. (चाक फिरवतात. खस्स... खस्स...) हे चाक पहिल्या दिवशी वरातीतल्या मामासारखं डोलत होतं. बरंचसं आणलंय ठिकाणावर. हे बघा. खडू चिमट्याला टेकवून धरायचा, टोक रिंगेच्या अगदी जवळ. (फिरवतात.) रिंग जिथे बाहेर येते तिथे खडूची रेघ उमटते. ही. उजवीकडे बाहेर आलीय, म्हणून उजवीकडून ठोकायची नाही. त्या रेघेसमोरचे डाव्या बाजूचे स्पोक घट्ट करायचे. पाव फेरा. (किल्ली फिरवतात.) पाव. वडील अर्धा फेरा मारू द्यायचे नाहीत. अर्धा मारला की खडू हातातून काढून घ्यायचे. मग बोटाने स्पोक छेडून बघायचे. (टण्.) हा ताणलेला. (टण्.) हाही. (बद्द.) हा सैल. दुकानात ते कधी मापाचं यंत्र वापरायचे नाहीत. गिऱ्हाइक बोलत राहायचं, ते स्पोक छेडत राहायचे, आणि मध्येच गिऱ्हाइकाला म्हणायचे, "जरा गप्प बसा, हा काय म्हणतो ते ऐकू द्या."

(किल्ली. पाव फेरा. चाक फिरवतात : खस्स. पुन्हा किल्ली. फिरवतात : अगदी हलका आवाज. पुन्हा. फिरवतात. आवाज नाही. फक्त फ्रीव्हीलची बारीक टिकटिक. त्या खडू पुन्हा लावून बघतात. रेघ सगळीकडे सारखी.)

आलं.

(विंगेतून दबकी खाकरणी. त्या वळतात. पुढचा संवाद दोन्ही आवाजांत.)

कोण? ...चेअरमन? अहो रात्रीचे साडेनऊ झाले. डाग नाही पडलेला, पेपर घातलेत. सकाळच्या अंकाचे नाहीत, जुने आहेत.

"नाही वहिनी, डागाचं नाही... (इकडेतिकडे बघत) हे आहेत का?"

आहेत. टॉर्च धरून बसलेत. त्यांना विचारायचंय का?

"नाही नाही. तुम्हालाच. नातवाची सायकल आहे. खाली आणलीय. कुणी नव्हतं म्हणून आत्ता आणली. चेन पडते सारखी. आणि टायर गेलंय. मी उद्या आणतो टायर."

ठेवा तिथे, भिंतीला. नाही, उलटी ठेवा. आधी पेपर घाला. आणि हे बघा, टायर आणायचं तर माप बघून आणा. काय माप आहे?

"माप?"

हो, माप. चाकाचं.

"(बराच विचार करून) लाल आहे."

(अंधार.)